रीत : खुद्द

2025 च्या उन्हाळ्यात आमच्या सातबाऱ्यावरची एक जुनी ओळ कंसात गेली, म्हणजे रद्द झाली. 'जिवंत सातबारा' मोहिमेचा दुसरा टप्पा चालू होता. वर्षानुवर्षे अर्थ हरवून बसलेल्या नोंदी त्यात काढायला घेतल्या होत्या: अपाक (अज्ञानाचा पालक), ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर), बंडिंगचा बोजा, सावकाराचा बोजा, तगाई. कल्याणजवळच्या कांबा गावाच्या पुढे, उल्हास नदीकडेला आमचे 22 गुंठे उरले आहेत. त्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात आजोबांच्या नावावर तगाई होती, 150 रुपये. ती फेडून सत्तर वर्षे होत आली. आजोबा गेले, वडील गेले, ज्या बैलासाठी ती काढली तो बैलही कधीचा गेला. ओळ मात्र होती तिथेच होती.

मी 35 वर्षे तलाठी होतो. 1979 ला लागलो, 2014 ला निवृत्त झालो. दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावरचे असे कितीतरी बोजे मी कमी केले, घरचा तसाच राहिला. ती ओळ कंसात गेलेली पाहिली तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे, ती लिहून काढतो. सरकार शेतकऱ्याला पैसे देते ही काही आजची गोष्ट नाही. आमच्या या उल्हासकाठाने ती फार जुन्या काळापासून पाहिली आहे. तो पैसा नेमका कोणाच्या हातात पडतो, ते ज्या कागदावरून ठरते तो कागद माझ्या हाताखालून गेला आहे.

आधी तगाईबद्दल. शब्द मूळचा अरबी-फारसी, तकावी. त्याच्या मुळाशी कुवत आहे, बळ. पिचलेल्या शेतकऱ्याला पुन्हा उभे राहायला दिलेले बळ, ते तकावी. मराठीत येऊन तिची तगाई झाली, आणि आमच्या आजीला तर ती तगण्यासाठी असते म्हणूनच तगाई वाटायची. व्युत्पत्ती चुकली असेल, अर्थ चुकला नव्हता.

इंग्रजांनी या जुन्या रिवाजाचे कायदे केले. 1875 साली पुणे आणि नगरकडच्या गावांनी सावकारांची दप्तरे जाळली, त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, आणि मग तगाईचे दोन कायदे. 1883 चा जमीन सुधारणेसाठी, म्हणजे विहीर, बांध, ताल यांच्यासाठी, लांब मुदतीचा. 1884 चा बी-बियाणे, बैल, अडीनडीसाठी, थोड्या मुदतीचा. फेड थकली तर शेतसारा थकल्यासारखी वसुली, म्हणजे जप्ती. म्हणून लोक तगाईला भीत. सावकार व्याजाने मारतो, पण तो निदान दारात बसून वाट पाहतो असे म्हणणारी म्हातारी माणसे मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत ऐकली आहेत.

आजोबांनी तगाई काढली ती 1953 च्या सुरुवातीला. भात झोडून खळे उरकले आणि जोडीतला एक बैल फऱ्याने गेला. एका बैलाने चिखलणी होत नाही. उसनी जोडी मिळायची, पण ज्याची जोडी त्याची लावणी आधी, आणि आमच्याकडे पावसाचे चार दिवस चुकले की आवण, म्हणजे भाताची रोपे, पिवळी पडते. मग कल्याणच्या मामलेदार कचेरीत अर्ज, गावच्या दोघांची जामिनकी, आणि हातात रोख 150. आजोबा ते पैसे धोतराच्या कनवटीला लावून चालत म्हशाला गेले. पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला म्हसोबाची यात्रा भरते, आणि तिथला बैलबाजार ठाणे जिल्ह्यात सगळ्यांत मोठा. तिथून ते पांढरा, एका शिंगाला थोडा वाकडा असा बैल घेऊन आले. आमच्या घरात त्याला शेवटपर्यंत 'सरकार' म्हणायचे. "सरकारला पेंढा टाकला का?" असे आजी विचारायची, आणि पाहुण्यांना काही कळायचे नाही.

फेड तीन हप्त्यांत झाली, शेतसाऱ्याबरोबर. तिन्ही पावत्या वडिलांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. आज त्या माझ्यासमोर आहेत. कागद तपकिरी झाला आहे, घडीवर फाटला आहे, शाई जांभळी पडली आहे. तिसऱ्या पावतीवर 'पूर्ण' असे लिहून खाली आडवी रेघ मारली आहे. ती रेघ पावतीवर आली, सातबाऱ्यावर यायची राहिली.

याच्याही खूप आधीचा एक कागद आहे. आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचायला हवा असे मला मनापासून वाटते. 5 सप्टेंबर 1676 रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेले पत्र. प्रभावळी म्हणजे दक्षिण कोकण, माणसे तीच, कुणबी आणि भात. त्यातला आदेश माझ्या शब्दांत सांगतो. गावोगाव फिर, गावात गेल्यावर कुणबी गोळा कर. ज्याच्याजवळ जसे मनुष्यबळ आणि बैलदाणे असेल तशी त्याला जमीन कसायला लाव. ज्याला कसायची ताकद आहे, माणसे आहेत, पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत म्हणून अडून बसला आहे, त्याला बैलजोडीसाठी रोख पैसे दे, खायला खंडी-दोन खंडी धान्य दे. नंतर त्याची ऐपत होईल तसे फक्त मुद्दल घे, व्याज लावू नकोस. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. लारी म्हणजे कोकणात चालणारे चांदीच्या वाकवलेल्या तारेचे नाणे.

पत्रातला प्रश्न काय आहे ते पाहा. जमीन कोणाच्या नावावर आहे असा तो नाही. कसायला कोण तयार आहे आणि त्याचे कशावाचून अडले आहे, असा आहे. त्याचे उत्तर कचेरीत बसून मिळत नाही. गावात जावे लागते, एकेका घराची खबर घ्यावी लागते. पुढे पेशवाईत पडीक जमीन लागवडीला आणायला कौल द्यायचे, इस्तावा ठरवायचे, म्हणजे पहिली वर्षे सारा नाममात्र आणि मग दर वर्षी थोडा थोडा चढता. तीही मदतच होती, आणि ती मिळवायला जमीन प्रत्यक्ष नांगरावी लागे.

मधला काळ सोडून मी थेट 1957 वर येतो, कारण माझ्या मते सगळी गुंतागुंत तिथे आहे. 1948 च्या कूळकायद्यात पुढे मोठी दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. कोकणात आणि ठाणे जिल्ह्यात खोत, इनामदार, शहरातले सावकार यांच्या जमिनी कसणाऱ्या हजारो घरांना या कायद्याने पायाखाली स्वतःची माती दिली. आमच्या घरालाही दिली. त्याबद्दल मला कमालीची कृतज्ञता आहे.

पण त्याच कायद्याने जमीनवाल्यांच्या मनात एक धास्तीही बसवली. कागदावर कूळ लागले की जमीन गेली. त्यामुळे 57 नंतर जो कोणी दुसऱ्याला जमीन कसायला देतो तो तोंडी देतो. खंडाने, मक्त्याने, अर्धेलीने. ना कागद, ना सही. गावाला माहीत, सरकारला नाही. आणि ज्यांच्या घरांना कुळाची म्हणून जमीन मिळाली, त्यांची नातवंडे कारखान्यात, रेल्वेत, कचेरीत लागली, तेव्हा तीही तेच करू लागली. कल्याणशेजारच्या आमच्या शहाडला तर हे फार लवकर झाले. पन्नाशीच्या दशकात इथे रेयॉनचा कारखाना उभा राहिला, पलीकडे युद्धकाळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन उल्हासनगर वसले होते, आणि लावणीच्या चिखलापेक्षा भोंग्याची पाळी बरी असे घराघरांत वाटू लागले. माझे वडील पाळीला जायचे आणि उरलेल्या वेळात शेत करायचे. आम्ही भावंडांनी शेत केले नाही.

आता माझी गोष्ट. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, गाव नमुना बारामध्ये, पिकांच्या रकान्यांपलीकडे दोन रकाने असत: जमीन कसणाऱ्याचे नाव आणि रीत. रीत म्हणजे कसण्याची पद्धत. पीक पाहणीच्या वेळी तलाठ्याने शिवारात फिरायचे, कोण काय पिकवतो ते बघायचे आणि हे रकाने भरायचे. मी शिवारात फिरलो आहे. बांधावर उभा राहून बघितले आहे की मालक डोंबिवलीला राहतो आणि चिखलात कातकऱ्याचे अख्खे घर वाकले आहे. आणि मी रकान्यात लिहिले आहे 'खुद्द'. खुद्द म्हणजे मालक स्वतः कसतो. मालकाला तसेच हवे असे. कसणारा काही बोलत नसे, कारण तो बोलला तर पुढच्या मृगाला त्याला बांधावरूनच परत जावे लागले असते. मलाही वाटायचे, खरे लिहून मी त्याचे भले करणार की त्याची भाकरी काढून घेणार? म्हणून खुद्द. 35 वर्षांत मी तो शब्द किती वेळा लिहिला त्याची गणती नाही. त्या शब्दाचा अर्थ मला कळत होता.

तेव्हा हा शब्द तितकासा बोचत नव्हता, कारण सरकारी मदत तोवर मालाशी आणि कामाशी बांधलेली होती. खताच्या गोणीवर सवलत होती, ती गोणी उचलणाऱ्याला मिळे. 1977 पासून केंद्राने खत कारखान्यांना फरक द्यायला सुरुवात केली, आणि आज 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते ती त्याच धोरणाच्या वाटेवर. गोणी पाठीवर घेणारा कातकरी असो की मालक, भाव एकच. आमच्याकडे भातावर बोनस मिळायचा तोही क्विंटलवर. हमीभावाच्या वर क्विंटलला 500, नंतर 700 रुपये. पोते वाहून आणणाऱ्याला, निदान काही प्रमाणात, त्यातले काही लाभे. 2022-23 पासून बोनस हेक्टरवर झाला, हेक्टरी 15,000 रुपये, पुढच्या वर्षी 20,000, दोन हेक्टरपर्यंत. भात विकले की नाही हा प्रश्न सुटला, पोत्यांत होणारी लबाडी थांबली, हे चांगलेच झाले. पण पैसा पोत्यावरून उतरला तो थेट सातबाऱ्यावर जाऊन बसला.

कर्जमाफ्यांचेही तेच. 1990 ची दहा हजारांपर्यंतची, 2008 ची, 2017 ची दीड लाखापर्यंतची, 2019 ची दोन लाखांपर्यंतची. यातल्या शेवटच्या दोन योजनांना शिवाजी महाराजांचे आणि महात्मा फुल्यांचे नाव दिले आहे, आणि दोघांनीही कसणाऱ्यासाठी काय केले, काय लिहिले ते आपल्याला ठाऊक आहे. पण माफी बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाला मिळते. सोसायटीचे सभासद व्हायला सातबारा लागतो. तोंडी खंडाने कसणाऱ्याचे कर्ज किराणावाल्याकडे, खतवाल्याकडे, नाहीतर पुढच्या वर्षीच्या भातावर. ते कोणत्याही यादीत येत नाही. 2008 च्या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या तेव्हा मी समोर उभा होतो. एक माणूस यादी वरून खाली, खालून वर असे दोनदा बघून निघून गेला. वाचता येत नव्हते त्याला. कोणीतरी वाचून दाखवेल म्हणून थांबला होता.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत 1933 साली, मंदीच्या ऐन काळात, शेतीसमायोजनाचा कायदा झाला. माल जास्त आणि भाव पडलेले, म्हणून सरकारने शेतकऱ्याला पीक कमी घेण्याचे पैसे दिले. दक्षिणेत उभा कापूस नांगरून टाकला. प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारख्या घटकात, स्थानिक शेतकऱ्यांच्या समित्या हे काम बघत. त्या समित्यांत बहुतेक जमीनमालकच असत आणि पैसे त्यांच्याच हाती येत. कापूस पिकवणारे होते वाटेकरी, त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे फार. पेरा कमी केला म्हणजे वाटेकरीही नको झाले. कित्येक जण सरकारी मदतीमुळे घराबाहेर निघाले. 1936 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, पण कारण वेगळे होते, वाटेकरी नव्हते. मी हे वाचले तेव्हा मला मिसिसिपी दिसली नाही, कांब्याचा बांध दिसला.

मग केंद्राची पीएम-किसान योजना आली. फेब्रुवारी 2019 मध्ये पहिला हप्ता, 1 डिसेंबर 2018 पासूनचा. वर्षाला 6,000, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. आधी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना, नंतर सगळ्या जमीनधारकांना. 2023 मध्ये राज्याने 'नमो शेतकरी महासन्मान निधी' काढून आणखी 6,000 जोडले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी ज्याच्या नावावर जमीन होती त्याचे घर पात्र. प्राप्तिकर भरणारा नको, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा नको. म्हणून मी त्यात नाही, आणि ते योग्यच आहे. माझा धाकटा भाऊ आहे, त्याच्या खात्यात हप्ता येतो. तो वाईट माणूस नाही. पैसे आले की आम्हाला फोन करून सांगतो, आणि आषाढीला शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलापुढे त्यातले काही ठेवतो. पण गेली अकरा वर्षे त्या 22 गुंठ्यांत त्याने पाय टाकलेला नाही.

याच्या उलटही माणसे आहेत, ज्यांनी जमीन सोडलीच नाही पण कागद त्यांच्यापासून सुटला. कल्याणजवळच्या नेवाळीकडे दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी जमिनी घेतल्या. युद्ध संपल्यावर शेतकरी तिथे पुन्हा भात लावू लागले. कसतात ते, नाव संरक्षण खात्याचे. जून 2017 मध्ये तिथे आंदोलन पेटले ते राज्याने पाहिले. अशा माणसाला कसणारा म्हणायचे नाही तर कोणाला?

आमचे 22 गुंठे मुरबाडकडची एक बाई कसते. नवरा वीटभट्टीवर जातो, दोन मुलगे, एक सून. नाव लिहीत नाही. मी तोंडी दिले आहे, खंडाने, वर्षाला दोन पोती भात. मी तलाठी होतो, कायदा मला पाठ आहे, आणि तरी तोंडीच दिले आहे. भाऊ कागदाला तयार नाही, आणि त्याची धास्ती माझ्यातही नाही असे मी म्हणणार नाही. 26 जुलै 2005 ला उल्हासने म्हारळ, वरप, कांबा बुडवले तेव्हा पंचनामे करत मी याच काठाने गुडघाभर गाळातून फिरलो होतो. 2019 च्या जुलैत पुन्हा तसेच पाणी आले तेव्हा हिची लावणी वाहून गेली. तीन दिवसांत तिने शेजारच्या बांधावरून उरलीसुरली आवण मागून आणली आणि पुन्हा रोवली. पंचनाम्याची भरपाई भावाच्या खात्यात आली. आम्ही ती तिला दिली. तेवढे केले. पण तिला ती द्यावी की न द्यावी हे ठरवायला आम्ही मोकळे होतो, हे मला खुपते.

ई-पीक पाहणी आता मोबाइलवर असते. 15 ऑगस्ट 2021 पासून खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून फोटो काढायचा, पीक नोंदवायचे. आमची नोंद मी करतो. बांधावर उभा राहतो, ती विळा घेऊन मागे वाकलेली असते, आणि तिचे डोके चौकटीत येऊ नये म्हणून मी फोन थोडा उजवीकडे सरकवतो. चौकटीत फक्त भात यावे लागते.

तगाई कंसात गेलेला नवा उतारा घेऊन मी जूनमध्ये शेतावर गेलो होतो. आवण वितभर झाली होती, आभाळ भरून आले होते. तिला वाचता येत नाही, पण तिच्या सुनेला येते, आठवीपर्यंत शिकली आहे. सुनेने उतारा वरून खाली वाचला. आजोबांचे नाव, वडिलांचे, मग आम्हा भावंडांची नावे, कंसातली तगाई, फेरफार क्रमांक.

"आमचं कुठं आहे यात, भाऊसाहेब?" बाईने विचारले.

मी बोट ठेवायला जागा शोधत होतो. सुनेने आधीच खालच्या भागावर बोट ठेवले होते. खरीप, भात, 0.22.

"हे आपलं," ती सासूला म्हणाली.

बाईने कागदाकडे नीट पाहिले, मान हलवली, आणि पहिले थेंब पडायला लागले तशी आवण बघायला गेली.